खाजगी किल्लीची डुप्लिकेट

मी एक किल्ली बोलतेय. लगेच खिसे चाचपू नका. मी लोखंडाची नाही, पितळेचीही नाही, आणि मला टांगायला भिंतीत खिळा लागत नाही. मी एक आकडा आहे. इतका लांबलचक, की वाचायला बसलात तर अर्ध्यातच जांभया द्याल. माणसांच्या चिकाटीबद्दल माझं मत पहिल्यापासून असंच आहे.

मी कामाला होते एका इस्पितळात. तळघरात रक्तपेढीचा फ्रीज, आणि वरच्या मजल्यावर नर्सच्या टेबलाशी अलार्मची पेटी. फ्रीजने पेटीला सारखं कळवत राहायचं, ‘थंड आहे, थंड आहे.’ हा निरोप फ्रीजनेच धाडला, वाटेत कुणी घुसडला नाही, याची खूण म्हणून त्यावर मी सही करायची. पेटीत माझी जुळी बहीण बसायची, जाहीर किल्ली. ती सही तपासायची. तिला कुणीही पाहावं, कुठेही न्यावं. तिला सही ओळखता येते, करता येत नाही. सही करणारी मी एकटी. म्हणून मला फ्रीजबाहेर कुणी नेऊ नये, एवढी एकच अट होती. तेवढीसुद्धा या शहाण्यांना पाळता आली नाही.

खरं तर माझा जन्म फ्रीजमधल्या चिपच्या पोटात व्हायचा होता आणि तिथेच मी आयुष्य काढायचं होतं. पण इस्पितळाच्या साहेबांनी कॉम्प्युटरचं सगळं काम दिलं होतं आपल्या जावयाला. जावई साहेबांना ऑफिसात ‘सर’ म्हणे आणि घरी ‘बाबा’. साहेब त्याला दोन्हीकडे ‘जावईबापू’च म्हणत.

“किल्ली एकच?” साहेब म्हणाले. “आणि हरवली म्हणजे? अहो, घराचीसुद्धा एक किल्ली आपण शेजारी देऊन ठेवतो.”

“सर, ही तशातली किल्ली नाहीये...”

“किल्ली ती किल्ली, जावईबापू. एक डुप्लिकेट करून ठेवा.”

साहेबांना काही कळत नव्हतं, त्यांना मी सोडून देते. जावईबापूंना सगळं कळत होतं. तरी त्यांनी मान डोलावली. त्यांनी मला आपल्या लॅपटॉपवर घडवलं, एक प्रत फ्रीजमध्ये बसवली आणि दुसरी लॅपटॉपमध्येच ठेवली. तिला नाव काय दिलं, तर ‘शेजारची किल्ली’. स्वतःच्याच विनोदावर हसलेसुद्धा.

पुढे फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं. आतली थंडी सुटू लागली की फ्रीज खरं तेच सांगायचा, ‘गरम होतंय,’ मी सही करायची आणि वर पेटी बोंब ठोकायची. साहेबांची खोली नेमकी पेटीच्या शेजारी.

“किती कोकलतंय ते! लोक काय म्हणतील? मिस्त्री उद्या येतोच आहे, तोवर गप्प करा त्याला.”

पेटी बंद करायची तर मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागलं असतं. जावईबापूंनी सोपा मार्ग काढला. फ्रीजकडून पेटीला निरोप नेणारी वायर काढून ठेवली आणि लॅपटॉपकरवी पेटीला निरोप सुरू केले, ‘थंड आहे, थंड आहे.’ खाली सही माझीच. माझ्या भोळ्या बहिणीने प्रत्येक सही तपासली आणि मान्य केली. तिचं काय चुकलं? सही खरीच होती.

तुमच्या भाषेचाही गोंधळच आहे म्हणा. तुमच्यात सही म्हणजे स्वाक्षरी, आणि सही म्हणजे बरोबर. माझी सही फक्त सांगते, कोण बोललं. खरं बोललं की खोटं, ते तुम्ही बघायचं. पण तेवढे कष्ट घेतील तर ती माणसं कसली!

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आली ती साहेबांची लेक, जावईबापूंची बायको, दिवस पूर्ण भरायच्या आत कळा सुरू झाल्या म्हणून. मुलगी झाली, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट सहजी न मिळणारा; म्हणून तिच्यासाठी पिशव्या आधीच आणून त्याच फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या.

तळघरातून रक्तपेढीच्या बाईंचा फोन आला. जावईबापू लॅपटॉप काखेत मारून साहेबांजवळच उभे होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“सर, हे रक्त देता येणार नाही. फ्रीज गरम झालाय.”

“काहीतरीच काय! इथे पेटीवर थंड दाखवतंय. सही आहे ना सगळं!”

“मग तुम्हीच खाली या आणि पिशवीला हात लावून बघा.”

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावईबापूंनी लॅपटॉप आणखी घट्ट दाबून धरला. आणि काखेतून मी अजून सह्या करतच होते, ‘थंड आहे, थंड आहे.’ मला थांबता येत नव्हतं. तिकडे एक बाई माझ्या सहीपायी मरायला टेकली होती, आणि मी एक आकडा, मला साधं ओरडतासुद्धा येत नव्हतं. माणसांचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या इस्पितळातून रक्त येईपर्यंत डॉक्टरांनी तिला कसंबसं तगवून धरलं. ती वाचली. यात साहेबांचा आणि जावईबापूंचा काडीचा वाटा नाही.

आता मी रद्द झालेय. बहिणीला बजावून ठेवलंय, या सहीवर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही. फक्त लॅपटॉपमधली प्रत पुसायची राहिलीय, आणि त्यासाठी जावईबापू लॅपटॉप घेऊन बायकोच्या खाटेशीच बसलेत. ती पांढरीफटक पडलीय, बाळ कुशीत झोपलंय.

“अलार्म का नाही वाजला?” तिने विचारलं.

जावईबापू स्क्रीनवर ‘शेजारची किल्ली’ शोधू लागले. उत्तर साहेबांनी दिलं.

“किल्ली खराब निघाली गं बाळा. नवी करून घेतोय. या खेपेला दोन डुप्लिकेट ठेवू, म्हणजे काळजी नको.”

ती बापाकडे वळली.

“आणि बाबा, माझी डुप्लिकेट कुठे ठेवली होतीत?”

जावईबापूंचं बोट मला पुसायच्या बटणावर येऊन थांबलंय. दाबा एकदाचं, जावईबापू. तुमच्या हाताखाली पुन्हा सही करायची माझी इच्छा नाही.