चेरमनचा लंगोट

त्या वर्षी माजलगावच्या धरणात गाळ तेवढा उरला होता आणि खडकवाडीच्या दूध संस्थेत नुसते कॅन. गावची जनावरं छावणीत गेलेली. जी काही धार निघायची ती छावणीतल्या चहातच संपायची. संस्थेचं फॅट काढायचं मशीन कापडाखाली झाकून ठेवलं होतं आणि चेरमन रेवणप्पा रोज सकाळी कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, कडक टोपी घालून त्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचा. समोर सचिव उत्तरेश्वर. दोघं एकमेकांकडं बघायचे. ऊन वर आलं की आळस देऊन उठायचे.

रेवणप्पाची हयात जनावरं पारखण्यात गेलेली. बाजारात बैल जरा चालवून दाखवला की हा सांगायचा, कुठल्या खुरात दुखतंय आणि मालक कुठली खोड लपवतोय. अशा माणसाच्या डोळ्यांपुढून जनावरं गेली की डोळे गप्प बसत नाहीत, दुसरं काहीतरी शोधतात. रेवणप्पाच्या डोळ्यांना घरात नातू सापडला.

नातू मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, अकरा महिन्यांचा. गुबगुबीत आणि बसल्या जागी खूश. त्याचा बाप चन्नप्पा माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडतीवर कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. आई शिवकांता अंबाजोगाईची, जिभेनं चुरचुरीत. टँकर आला तर आला, अशी गत. मिळालेलं पाणी प्यायचं का लेकराची दुपटी धुवायची, असा सवाल उभा राहिला तेव्हा शिवकांतानं सरळ नवऱ्याकडून डायपरचे पुडे मागवले. सासू बसम्मानं आधी नाक मुरडलं. धुण्याचा ढीग कमी झाला तसं ते आपोआप सरळ झालं.

एका सकाळी मल्लू बाजेचा पाय धरून उभा राहिला. बसम्मानं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. रेवणप्पा मात्र उकिडवा बसून नातवाला मागून बघायला लागला. मग बाजूनं बघितलं. मग पुन्हा मागून.

"मागं फाकतंय," तो म्हणाला.

"काय फाकतंय?" शिवकांतानं विचारलं.

"पाय. मागले पाय लई फाकतेत. असं वासरू मी फुकट बी घेतलं नसतं."

"आप्पा, लेकरू हाय ते. त्याला मागले-पुढले नसतेत."

"पर फाकतंय कावून, त्ये सांग की. मधी ह्ये गठुडं बांधल्यावर पाय जवळ येतीलच कसे? उद्या मला उशी बांधून चालाया लावलं तर?"

"चाला की," चुलीपाशी बसलेली बसम्मा म्हणाली, "बघू तरी."

रेवणप्पाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उपरण्याखाली एक कोरा डायपर लपवून संस्थेत नेला. दार लोटून घेतलं. उत्तरेश्वरनं माठातला तांब्या भरून त्यात ओतला. पाणी गेलं कुठं ते दोघांनाही कळलं नाही. आणखी एक तांब्या ओतला. डायपर उलटा धरला तर थेंब गळेना. कात्री लावली तेव्हा आतून साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा बाहेर आला. उत्तरेश्वर भारावून त्याच्याकडं बघत राहिला.

"चेरमन, ह्ये धरणात आंथरलं असतं तर पाणी उडून गेलंच नसतं!"

"गप बे," रेवणप्पा म्हणाला. त्याला आत्ता आठवलं होतं की माठात प्यायचं तेवढंच पाणी होतं. ही बातमी संध्याकाळपर्यंत बसम्माच्या कानावर गेली. "टँकरपाशी घागरी घेऊन आमी मरायचं आन तुमी लंगोटाला पाणी पाजायचं!" असं ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

पण रेवणप्पाच्या डोक्यात आता विचार पक्का बसला होता. दोष प्लास्टिकचा. लेकराला सुती पाहिजे, आणि ते संस्थेनं करायचं. दूध नाही तर नाही, संस्थेकडं दूध गाळायच्या कापडाचे तागे पडून होते. गावात कडूबाईचा शिलाईचा बचत गट होता आणि दुष्काळात झंपर शिवायला कोणी येत नव्हतं. रेवणप्पानं कडूबाईला बोलावून घेतलं.

"लंगोट शिवायचे. पर जाड शिवा. पाणी न्हाई, घडी घडी बदलता यायचं न्हाई."

"जाड म्हंजे किती जाड?"

"हात आखडू नका. कापड आपलंच हाय."

कडूबाईनं हात आखडला नाही. घडीवर घडी घालून, गोधडीसारखे टाके मारून तिनं लंगोट तयार केले. बांधायला नाड्या लावल्या आणि मागच्या बाजूला लाल दोऱ्यानं छोटा नंदी काढला. रेवणप्पानं नाव दिलं, "नंदी छाप". वार्षिक सर्वसाधारण सभेत उद्घाटन ठरलं.

शिवकांतानं घरी लंगोट हातात घेऊन दाबून बघितला. "आप्पा, ह्यो तर डायपरपेक्षा बी जाड हाय."

"सुती हाय. सुती अंगाला दबतंय."

"दबत न्हाई, आप्पा."

"तुला काय कळतंय."

"बरं," शिवकांता म्हणाली. "सभेत बघू." आणि तिनं पिशवीत एक डायपर टाकून घेतला.

संस्थेत सभेला गाव लोटलं. दुसरं काम कुणालाच नव्हतं आणि चहा होता. रेवणप्पानं माईक हातात घेतला. प्लास्टिकनं सारी पिढी फेंगडी होऊन राहिली आहे, खडकवाडीची लेकरं मात्र सरळ चालणार आहेत आणि ते काम सहकारच करणार आहे, असं जोरदार भाषण झालं. नारळ फुटला. मग मल्लूला नंदी छाप लंगोट बांधून सतरंजीवर बसवलं.

खरं म्हणजे बसला तो लंगोट. मल्लू त्याच्यावर होता. दोन्ही पाय दोन गावांच्या दिशेनं ताठ. उत्तरेश्वरनं खुळखुळा वाजवला. मल्लूनं हात पुढं केला, वाकला, गुडघे पोटाखाली घ्यायला बघितले. गुडघे येईनात. तो एका कुशीवर कलला आणि तसाच पडून राहिला, उताण्या पडलेल्या भुंग्यासारखे पाय हलवत.

"चेरमन, खोगीर कावून चढवलंय?" मागून कोणीतरी ओरडलं. सभा खदखदली.

"लेकरू बुजलंय," रेवणप्पा म्हणाला आणि त्यानं स्वतः मल्लूची बोटं धरून त्याला उभं केलं. दोन पायांमधून कोंबडी जाईल एवढं अंतर पडलं. मल्लूनं एक पाऊल उचललं, ते बाहेरच्या बाहेर गोल फिरून पडलं आणि तो धपकन बसला. लागलं काहीच नाही, गादीच होती. पण त्यानं भोकाड पसरलं.

रेवणप्पाचे कान तापले. आणखी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असं त्याला वाटलं. तोंड तयार होतं, पण डोळे तयार होईनात. इतकी वर्षं ज्या डोळ्यांनी जनावराची खोड कुणाच्या तोंडावर सांगताना भीड धरली नव्हती, त्यांना समोरचं स्पष्ट दिसत होतं. भार बाहेर पडतोय. जांघेत अडतंय. सुती असो नाहीतर सोन्याचं, मधलं गठुडंच मोठं आहे.

त्यानं वाकून नाड्या सोडल्या. "शिवकांता, तुझं त्ये आण."

शिवकांतानं पिशवीतून डायपर काढून घातला. मल्लू लगेच रांगायला लागला. खुर्ची धरून उभा राहिला तेव्हा पाय फाकलेच होते, पण मघाएवढे नाहीत.

"बाजारचंच बरं की मग!" सभेतून आवाज आला.

"माझ्याकडं बघू नका," कडूबाई उठून म्हणाली. "जाड शिवा म्हणलं, जाड शिवलं. इचारा चेरमनला!"

रेवणप्पा कुणाचंच ऐकत नव्हता. तो पुन्हा उकिडवा बसला होता. "आता त्ये बी काढ," तो सुनेला म्हणाला.

मल्लू उघडा झाला. क्षणभर त्याला स्वतःलाच नवल वाटलं असावं. मग दावं सुटल्यासारखा तो निघाला. सभासदांच्या पायांमधून, चपलांवरून, थेट मशीनच्या टेबलापर्यंत. तिथं लोंबणारं कापड धरून उभा राहिला. कापड घसरून खाली आलं, मल्लू उभाच राहिला. हातात काही नाही, पाय अंगाखाली. त्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

"बघा! पाय बघा!" रेवणप्पा माईक चालूच आहे हे विसरून ओरडला. "सरळ पडतंय! सरळ!"

भोंग्यातून तो आवाज गावाबाहेर गेला. मल्लू दचकला, खाली बसला आणि त्यानं सतरंजीवर मोठी धार सोडली. संस्थेत कित्येक दिवसांनी धार पडली, असं उत्तरेश्वर नंतर सगळ्यांना सांगत फिरला.

"आन ही सतरंजी आता धुणार कोण?" बसम्मानं विचारलं. "चेरमन का सचिव?" सभेचं कामकाज तिथंच आटोपलं.

पुढं लसीच्या वेळी रेवणप्पा सुनेबरोबर माजलगावच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी मल्लूचे पाय हलवून बघितले आणि सांगितलं, काही दोष नाही, या वयाला लेकरं फाकूनच उभी राहतात. मधे काही बांधलं की जास्त फाकतात आणि जाड बांधलं की त्याहून जास्त. कायमचं काही बिघडत नाही, पण जमेल तेवढा वेळ उघडं ठेवून भुईवर सोडा.

"आन पाणी?" रेवणप्पानं विचारलं. "भुई धुवायची कशानं?"

बाईंनी पुढच्या लेकराला आत बोलावलं.

उत्तर येताना रस्त्यात सापडलं. गाडी गावाजवळच्या सिंदफणा नदीच्या पुलावर आली आणि रेवणप्पानं खाली बघितलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरडं पात्र, मऊ वाळू. धुवायला नको, पुसायला नको. पायानं वाळू उलटली की झालं.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत तो मल्लूला नुसत्या झबल्यावर नदीत घेऊन गेला. शिवकांता मागं मागं आली. रात्री आणि गावाला जाताना डायपर, सकाळी वाळू, असं तिनं ठरवून टाकलं आणि रेवणप्पानं ते मुकाट्यानं मानलं. हळूहळू दुसऱ्या आयाही लेकरं घेऊन यायला लागल्या. कडूबाईनं नातीला आणलं. उत्तरेश्वरला मूल नव्हतं, तरी तो यायचा. चेरमन छत्री उघडून वाळूत बसायचा आणि एकेकाची चाल बघून सांगायचा, ह्ये डावं जरा उशिरा टाकतंय, ह्याची पाठ चांगली हाय. आया पदराआड हसायच्या, पण आपल्या लेकराची पाळी आली की कान द्यायच्या. नंदी छाप लंगोटाच्या नाड्या कडूबाईनं उसवून काढल्या. चुलीवरचं भांडं उतरवायला त्या लंगोटांसारखं दुसरं काही नाही, असं गावातल्या बायकांचं मत पडलं.

एका सकाळी वाळूत कुणाचं तरी करडू आलं. मल्लू त्याच्यामागं निघाला. चालता चालता धावायलाच लागला आणि बघता बघता पार पलीकडच्या दरडीजवळ गेला. रेवणप्पा छत्री टाकून, धोतराचा सोगा हातात धरून मागं पळाला, वाळूत पाय रुतला आणि आडवा झाला. टोपी एकीकडं, तो एकीकडं. मल्लूनं थांबून मागं बघितलं. करडू सोडून तो वळला, परत आला आणि आजाच्या पाठीवर बसला.

शिवकांता धापा टाकत आली. "आप्पा, लागलं का?"

"गुडघ्याला लागलं," रेवणप्पा वाळू थुंकत म्हणाला. "पर वळताना पाय कसा टाकला, बघितलंस का?"

"बघितलं," शिवकांता म्हणाली. एरवी कितीही चुरचुरीत बोलली, तरी सासऱ्यापासून ती चार हात अंतर राखूनच असायची. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि त्याला उठवायला हात पुढं केला.