तिसरा रकाना

सुनिताबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली.

“सु… न… ति…” बोट थांबलं. त्यांनी ते पदराला पुसलं, पुन्हा ठेवलं. “माझंच चुकतंय. मना अजून नीट येत नाय.”

“तुमचं काही चुकत नाही,” चंद्रिका म्हणाली. आवाज इतका चढला की मागच्या सतरंजीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

झरी गावच्या वाचनखोलीत गेल्या वर्षी अक्षरं शिकलेल्या अठरा जणी आज पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधून पुस्तक नेणार होत्या. त्यासाठीचा प्रोग्रॅम चंद्रिकाने आणि उमेशने हौसेनं लिहिला होता, रविवारी रविवारी, सहा महिने. आणि पडद्यावर ‘सुनिता’मधली वेलांटी ‘न’ सोडून ‘त’वर जाऊन बसली होती. खाली बनवणाऱ्यांत चंद्रिकाचं स्वतःचं नाव तर वाचताच येत नव्हतं.

वाचनखोली चालवणाऱ्या सुषमाताईंनी चष्मा वर केला. “आज नाही झालं तर मी तो तयार प्रोग्रॅम घेते, चंद्रिका. इंग्रजीत आहे, पण निदान चालतो.”

“इंग्रजीत यांनी नाव कसं शोधायचं?”

“मी शोधून देईन.”

म्हणजे पुन्हा दुसऱ्यानेच शोधून द्यायचं. चंद्रिका उमेशकडे वळली. तो तलासरीत मोबाइल दुरुस्त करायचा. हात सतत कशात तरी गुंतलेले असायचे. आत्ता माउसच्या वायरीत.

“तू लिनक्सवर तपासलं होतंस ना?”

“तपासलं होतं.”

“काय टाईप करून?”

तो वायर बोटाला गुंडाळू लागला.

“काय टाईप केलं होतंस, उमेश?”

“नावं. लहान्या, बारकी, चैत्या.”

“मराठीत?”

“व्हॉट्सॲपवर लिहितो तसं, इंग्रजी अक्षरांत. एल, ए, एच…”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. चंद्रिकाला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं. तिच्या लॅपटॉपवर विंडोज होतं आणि त्यावर प्रत्येक वेलांटी जागेवर दिसायची. इथल्या जुन्या मशीनवर मात्र लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती. खिडक्या, बटणं, रकाने तयार देणारं टूलकिट दोन्हीकडे सारखं चालावं, एवढ्यासाठी तर निवडायचं असतं. तिने सुरुवातीलाच त्यातलं क्यूटी घेऊ म्हटलं होतं. टीके हे दुसरं टूलकिट घ्यायचं उमेशने ठरवलं. का, विचारल्यावर “हलकं आहे” एवढंच म्हणाला होता.

“हलकं आहे म्हणे! अठरा बायका इथं आपलंच चुकतंय असं समजून बसल्यात, आणि याला हलकं हवं होतं.”

“दीदी, जाऊ दे ना,” उमेश हळू म्हणाला. इतरांसमोर तो तिला दीदीच म्हणायचा.

“नाही जाऊ देणार. ताईंना कळू दे कशावरून ठरवलंस ते. तुझी ती निवडीची फाइल कुठाय?”

“ती नको.”

त्याने मशीनला लावलेल्या पेन ड्राइव्हवर हात ठेवला. तिने तो हात बाजूला केला आणि फाइल उघडली. तक्ता होता. डावीकडे पाच टूलकिटांची नावं, वर तीन मशीनची, शेवटी मराठीचा रकाना. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचू लागली.

“क्यूटी. मराठी, उत्तम. बघा ताई, याला माहीत होतं! वाचनखोली, चालतं. उमेशचा पीसी, चालतं. चं. लॅपटॉप, ३२ बिट, बसत…”

ती थांबली.

खालच्या तीन ओळींतही तिसऱ्या रकान्यात तेच होतं. बसत नाही. बसत नाही. उघडून बंद पडतं. फक्त टीकेपुढे ‘चालतं’ लिहिलं होतं, आणि मराठीचा रकाना रिकामा सोडला होता.

तिचा तो ३२ बिटवाला जुना लॅपटॉप मामाच्या ऑफिसातून मोडीत निघालेला. ‘थोडा जुना आहे,’ यापलीकडे तिने त्याबद्दल कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकदा उमेशने चार्जर बदलून दिला होता, तेव्हाच त्याने पाहिलं असणार.

“मला विचारायचं होतंस,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, राग नाही.

“विचारलं असतं तर म्हणाली असतीस, तूच कर, मी बघते नंतर.”

“म्हणून माझ्यासाठी तू ठरवलंस? आणि भोगायचं यांनी?”

उमेशने वायरीचा आणखी एक वेढा घेतला. सुषमाताई चष्मा पुसू लागल्या.

चंद्रिका उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“ताई, मला महिना द्या, क्यूटी घेऊन पुन्हा लिहिते. आणि उद्यापासून दुपारी इथल्या मशीनवर बसू द्या.” तिने श्वास घेतला. “माझा लॅपटॉप फार जुना आहे. त्यावर हे होणार नाही.”

“दुपारी बायकांचा वर्ग असतो. गोंगाट असतो.”

“चालेल.”

ताईंनी सुनिताबाईंकडे बघितलं. “काय गं, थांबायचं महिनाभर?”

“थांबू की,” सुनिताबाई म्हणाल्या. “पण मी काय चुकली नाय ना?”

“नाही,” चंद्रिका म्हणाली. “आम्ही चुकलो.”

ती मशीनसमोर परत आली आणि फाइल बंद केली. उमेश अजून वायर गुंडाळत उभा होता.

“खुर्ची आण,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“ही आहे की.”

“अजून एक. तुला.”