काळ्या अंड्यावरचा तांबडा पंजा

मेणवालीने काळ्या रंगातून अंडं वर काढलं आणि उजेडाला धरलं. काळ्याभोर कवचावर पाच तांबडे डाग. चार एका अंगाला, अंगठ्याएवढा एक दुसरीकडे. तिथे काळा रंग चढलाच नव्हता.

अंड्यांवर मेणाने चित्रं काढून ती दुकानांना विकायची, म्हणून गल्लीत तिचं नावच मेणवाली पडलेलं. कामाची रीत उफराटी. पांढऱ्या अंड्यावर गरम मेणाची रेघ ओढली की ती रेघ पांढरी राहते. मग अंडं पिवळ्यात बुडवायचं, पुन्हा मेण. तांबड्यात, पुन्हा मेण. शेवटी काळ्यात. मग मेणबत्तीशेजारी धरून मेण पुसलं की लपलेलं चित्र उघडं पडतं. पथ्य एकच: तेलकट बोट लागता कामा नये. तेलावर रंग बसत नाही.

घरात तेलकट बोटं एकाच माणसाची. सासूबाई दोन्ही वेळा गुडघ्यांना तेल चोळायच्या.

"अंड्याला हात लावलात?"

"बघितलं फक्त. तडाबिडा गेलाय का ते. काल, तू तांबड्यातून काढून ठेवलंस तेव्हा."

"तडा बघायला मी आंधळी आहे? आता नवं करायला वेळ कुठाय? दुपारी मावशी निघून जाईल."

सासूबाईंनी पदराला बोटं पुसली. ही बाई उलट बोलत नाही म्हटल्यावर मेणवालीचा राग आणखी चढला.

मावशी म्हणजे इस्पितळात मुलांच्या वॉर्डातली फरशी पुसणारी बाई. आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस, उद्यापासून ती दूर लेकीकडे. मेणवालीची पोर, भिंगरी, पोटाच्या ऑपरेशनसाठी तिथे होती तेव्हा सुई दिसली की वॉर्ड डोक्यावर घ्यायची. पोट डॉक्टरांनी बरं केलं, खोटं कशाला बोला. पण भीती काढली मावशीने. फडकं बादलीत टाकून ती म्हणाली, "तुझ्या खाटेखाली एक भूत राहतं. इंजेक्शनला इतकं भितं, की कानात मोजे कोंबून बसतं." भिंगरीने आपले मोजे खाटेखाली टाकले. पुढची सुई आली तेव्हा दंड पुढे करून तिने खाली वाकून सांगितलं, "रडू नको रे. मुंगी चावते तेवढंच."

मावशी कौतुकाने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी हात धुऊन ये." मावशी गेली, हात धुऊन आली. वटवाघळांच्या, कोळ्याच्या गोष्टी पुढेही सांगितल्या, पण खाटेपासून लांब उभी राहून. पोरीला तिने पुन्हा हात लावला नाही. आणि मेणवाली? तीही तेव्हा मूग गिळून बसली होती.

घरी निघताना डॉक्टरांना मिठाईचा खोका, नर्सना खोका. मावशीला काय? तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ह्यांच्या चपलांचे ठसे. माणसं आभारसुद्धा पगार बघून मानतात. हे अंडं त्याचीच भरपाई होती.

मेणवालीने दात-ओठ खात मेण पुसलं. खाट उमटली. खाली कानात मोजे घातलेलं पांढरं भूत, वर डोक्याला पट्टी बांधलेली वटवाघळं, सलाइनच्या बाटलीला लोंबकळणारा कोळी. आणि ह्या सगळ्या गोतावळ्याला मुठीत धरलेला तांबडा पंजा.

"आई, खराखुरा भुताचा हात," भिंगरी म्हणाली.

"भुताचा कुठला, आजीचा."

"मग तर जास्तच भीती वाटते."

मेणवालीला हसू आलं आणि रागाची हवाच गेली. तिने बारीक भोकं पाडून अंडं फुंकून रिकामं केलं, कापसात ठेवलं. वळून बघते तर सासूबाई चपला घालून दारात.

"गुडघे दुखतील."

"गुडघे माझे आहेत ना? चल."

तिघी इस्पितळात पोचल्या तेव्हा मावशी घरचे कपडे घालून पिशवी आवरत होती. तिने अंडं बोटांत धरून सावकाश फिरवलं. भूत दिसलं तशी खुदकन हसली. "सापडलं म्हणायचं माझं भूत. मोजे अजून कानातच आहेत." मग तिची नजर डागांवर थांबली. "आणि हा पंजा कुणाचा?"

नक्षीच आहे म्हणून ठोकून द्यावं, असं मेणवालीच्या मनात आलं. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"माझा. तेलाचा हात लावला मी."

मावशीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "आजी, आधी हात धुवायचे होते."

सासूबाईंची मान खाली गेली, पण पाय मागे गेला नाही. "धुवायला हवे होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुला बोलले, तेही चुकलं माझं. तू होतीस म्हणून आमची पोर हसत घरी आली. तुझे उपकार आहेत गं बाई, आणि ते सांगायला मला इतका उशीर झाला."

मावशीने आपली बोटं एकेक करून त्या तांबड्या बोटांवर ठेवून पाहिली.

"धरा जरा," ती म्हणाली, आणि अंडं सासूबाईंच्या हातात दिलं. मग दोन्ही हातांनी भिंगरीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पार केस विस्कटेपर्यंत.