गाठ सापडली नाही

मित्रांनो, हल्ली मला फार बोलवत नाही. मनोविकारांच्या डॉक्टरबाईंच्या खोलीतली मी जुनी लाकडी खुर्ची. सुताराने मला वाचनालयासाठी घडवलं होतं. तिथे लोक माझ्यावर बसून खुशाल पेंगायचे. वाचनालय बंद पडलं आणि बाईंनी मला इथे आणलं. इथे कुणी पेंगत नाही.

एका दुपारी खिडक्या बसवणारा एक कारागीर बायकोसोबत आला. त्याचा ओठ सुजला होता. शेजारच्या इमारतीतल्या नर्सला अंघोळ करताना तो चोरून बघायचा. या खेपेला लोकांनी पकडून चोपलं, पोलिसांत तक्रारही झाली.

"यांच्या डोक्यात गाठबीठ असेल हो," बायको म्हणाली. "एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"कधी कधी असतं तसं," बाई म्हणाल्या. "मेंदूचा पुढचा भाग माणसाला आवर घालतो. तिथे गाठ झाली, मार बसला, तर भला माणूसही ताळतंत्र सोडतो. तपासून बघू."

तपासणी झाली. गाठ नव्हती. एरवी हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. ही मात्र तोंडाला पदर लावून रडू लागली.

"असती तर कापून तरी काढता आली असती," ती म्हणाली.

पुढे तो एकटाच येऊ लागला. आधी नुसता माझ्या हाताचं पॉलिश नखाने खरवडत बसायचा. मग हळूहळू बोलता झाला. लहानपणी बाप त्याला खोलीत कोंडायचा, आणि तो दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचं हसतंखेळतं घर बघत राहायचा. मोठेपणी कुठे अपमान झाला, जीव घुसमटला, की पाय परक्या खिडकीकडे वळायचे.

"मग यात माझा काय दोष?" त्याने विचारलं.

"कोंडलं गेलात, यात तुमचा दोष नाही. पण कोंडलेली सगळी मुलं असं करत नाहीत. यात शरीराचं किती, मनाचं किती, मलाही नेमकं सांगता येणार नाही. गोळ्या देईन, आवर घालायला शिकवेन. खिडकीपाशी मात्र तुम्ही गेलात." मग बाईंनीच विचारलं, "त्या नर्सचं पुढे काय झालं?"

त्याला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला तो बायकोला विचारून आला. नर्सने न्हाणीघराच्या खिडकीला फळी ठोकली होती. अंधारात अंघोळ करायची. शेवटी घर सोडून गेली. हे सांगताना तो रडला. आधीही रडायचा, पण ते स्वतःसाठी.

"पत्ता काढून माफी मागून येतो."

"अजिबात नको. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिने दार उघडायचं? कोर्टात खरं सांगा."

त्याने सांगितलं. शिक्षा भोगली. आता पुन्हा येतो, गोळ्या घेतो. कधी म्हणतो, आज पाय वळले होते, मी परत फिरवले. बायको सोबत येते, पण बाहेरच्या बाकावर बसते. आत बोलावलं तर नुसती नाही म्हणून मान हलवते.

मित्रांनो, माझे सांधे आता कुरकुरतात. माणसं इथे फार उशिरा येतात, कुणाचं तरी घर सुटल्यावर. मनात असं काही वळवळू लागलं, की तेव्हाच या. लाज वाटेल, वाटू द्या. लाजेचं ओझं मला पेलतं.