तिसऱ्या मजल्यावरचा अर्थशास्त्राचा फळा

इकडे बघा, या लोखंडी कपाटांच्या मागे. मी फळा बोलतोय, महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अर्थशास्त्राच्या वर्गातला.

माझा जन्म याच खोलीतला. सुताराने प्लायवूडच्या दोन फळ्या जोडल्या, रंगाऱ्याने काळ्या रंगाचे तीन हात दिले. मधोमध बारीकशी फट राहिली. "चालतंय, कुणाला दिसणारे?" म्हणत सुतार निघून गेला. पुढची बावीस वर्षं ती फट एकाच माणसाच्या खडूला रोज आडवी आली.

ते आमचे सर. मुलं त्यांना 'रेघसर' म्हणायची. आल्या आल्या एक उभी, एक आडवी रेघ मारायची, मगच हजेरी. मागणीची रेघ उतरायची, पुरवठ्याची चढायची आणि दोन्ही भेटल्या की सर तिथे असं दणकून टिंब द्यायचे की मी हादरायचो. पण शिकवणं असं, की मागच्या बाकावर चोरून डबा खाणाराही घास हातात धरून ऐकत बसायचा.

सुरुवातीला साठ मुलं होती. मग चाळीस, मग अठरा. माणसांची एक गंमत सांगतो. वर्ग भरलेला असला की उशिरा आलेला मान खाली घालून आत शिरतो. वर्ग ओस असला की दारातूनच मागे फिरतो.

यंदा तिसऱ्या वर्षाला तिघंच उरली. एक कुरिअरच्या कामाला लागला, एकीचं लग्न झालं. राहिली एकटी मुलगी. तिची आई शिवणकाम करायची. मुलीच्या वहीला जुन्या परकराच्या कापडाचं कव्हर होतं. ती पहिल्या बाकावर बसायची आणि सरांना श्वास घेऊ द्यायची नाही.

एकदा तिने विचारलं, "सर, पुरवठा वाढला की भाव पडतो ना? मग आम्ही पदवीवाले फार झालो, म्हणून आमचा भाव पडला का?"

सर खो खो हसले. मग खडू हातात तसाच धरून बराच वेळ माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा चेहरा फक्त मी पाहिला.

त्याच महिन्यात प्राचार्या वर आल्या. विभाग बंद करायचं ठरलं होतं, तेही वर्षाच्या मध्येच.

"मॅडम, पाच महिने द्या. तिचं शेवटचं वर्ष आहे हो," सर म्हणाले.

"एका मुलीसाठी अख्खी खोली अडवायची? खर्च आणि लाभ तुम्हीच शिकवता ना, सर?"

 

दोन दिवसांनी मुलगी आईला घेऊन आली. बाई बाकाच्या कडेला अवघडून बसल्या. ओढणीला अडकवलेली सुई काढायची राहून गेली होती.

"बाहेरून परीक्षा देता येईल. मी घरी येऊन शिकवीन," सर म्हणाले.

"शिकवाल हो, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण यातून हिला नोकरी लागेल का?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

"तुम्हालाच सांगता येत नाही, तर आम्ही कुणाला विचारायचं?" आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

मुलगी म्हणाली, "आई, थांब ना जरा. एवढं गणित तरी होऊ दे." सरांनी ते नुकतंच माझ्यावर मांडलं होतं. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. खुर्चीत बसून त्यांनी अख्खा तास घालवला. घंटा झाली तसे उठले. गणिताला त्यांनी हात लावला नाही.

पुढे त्यांना ग्रंथालयात बसवलं. मुलगी कपड्यांच्या दुकानात घड्या घालते, असं शिपाई कुणाला तरी सांगत होता. या खोलीत आता कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

ते अर्धं गणित अजून माझ्या अंगावर आहे. ते सोडवायला कुणी येईल, ही आशा मी सोडली. तुम्ही कधी कपाट सरकवलंत, तर ओलं फडकं घेऊन या आणि तेवढं पुसून टाका.