गूळगोळीचं गर्भदान

कोरुटल्याच्या चिंचबनात बायकांची रीघ लागली होती. मंडपात बसलेला लिंगय्या स्वामी हळद-गुळाच्या गोळ्या वाटत ओरडत होता, "रोज एक गोळी! पाळी थांबली की समजा, बाळ आत येऊन बसलं. पण दवाखान्याच्या यंत्राची नजर पडली, तर पळून जाईल हं!"

बाळ नव्हे, जणू बुजरं कोकरूच!

भूलक्ष्मी विड्या वळायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी कूस उजवली नव्हती. गोळ्या सुरू केल्या आणि पाळी खरंच थांबली. मळमळू लागलं, छाती जड झाली. बारशाला तिला टाळणाऱ्या बायका आता तिची ओटी भरू लागल्या.

तेवढ्यात घरात वीज कोसळली. लग्न ठरलेल्या नणंदेची, रवळीची, पाळी चुकली. सासू नरसव्वानं लेकीच्या झिंज्या धरल्या. "कुणाचं पाप आहे? बोल!"

भूलक्ष्मीनं रवळीला सोडवून परसात नेलं. "माझ्यापासून लपवू नकोस गं."

रवळी वहिनीला बिलगली. "वदिना, कुणीच नाही गं! मी फक्त तुझ्या डब्यातल्या गोळ्या रोज चोरून खायचे. गोड लागतात म्हणून."

भूलक्ष्मीनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला. हिची पाळी गोळीनं थांबली, तर माझ्या पोटात तरी काय आहे? गप्प राहिलं तर पोरीची अब्रू जाणार. बोललं तर आपलं बाळ जाणार.

ती रवळीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर सुगुणांनी दोघींना यंत्रावर तपासलं. दोघींची पोटं रिकामी होती.

"गोळीत पाळी लांबवायचं औषध कुटून घातलेलं असणार," त्या म्हणाल्या. "या हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर गळतच नाही. मळमळही त्यानंच होते. गोळ्या थांबवा, पाळी येईल. दिवस गेले असते, तर गोळ्या थांबवूनही आली नसती."

पाळी आली. दोघींनाही. भूलक्ष्मी मेलेलं लेकरू पुरून आल्यासारखी रडली आणि मग नरसव्वाला, रवळीला घेऊन थेट मंडपात गेली.

"माझं पोट रिकामं आहे, बायांनो! कधी भरलंच नव्हतं."

"यंत्राच्या नजरेनं पळालं!" स्वामी गरजला.

रवळी पुढे झाली. "माझं तर अजून लग्नही नाही, स्वामी. मीही तुमच्याच गोळ्या खाल्ल्या, माझीही पाळी थांबली. माझं कुठलं बाळ पळालं?"

नरसव्वानं लेकीला पोटाशी धरलं. बायका एकेक करून हातातल्या गोळ्या मातीत टाकू लागल्या. काहींनी मात्र मूठ उघडलीच नाही.

भूलक्ष्मीला मूल झालं नाही. पण जे कळलं, ते ती आजही सांगते: पाळी थांबणं म्हणजे दिवस जाणं नव्हे. जो दवाखान्यात जाऊ नका म्हणतो, त्याच्या हातून काहीही तोंडात घालू नका. आधी विचारा, यात काय आहे?