नीताताईची हजेरी

मी मँडरिन शिकायला सिंगापूरला गेले ती भाषेच्या प्रेमाने नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात आमच्या ओळखीत जो तो जर्मन शिकत होता, नाहीतर जपानी. मला कोणी शिकत नसलेलं काहीतरी हवं होतं आणि ते घरापासून लांब असायला हवं होतं. चीनशी धंदा वाढणार, पुढे मोठमोठ्या नोकऱ्या मिळणार, असं काय काय सांगून मी बाबांना पटवलं. १९९५ साल होतं. बाबा कबूल झाले, पण त्यांची एक अट होती. सोबत पाहिजे. एकटी मुलगी परदेशात राहणार नाही.

सोबत मिळाली नीताताईची. ती माझ्या मावशीच्या शेजारची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिचा नवरा दर्शन बोटीवर थर्ड इंजिनिअर होता. त्यांची बोट शांघाय, हाँगकाँग, कोलंबो अशी फिरायची आणि दर सहा आठवड्यांनी दोन दिवस सिंगापूरला लागायची. मुंबईला कधीच नाही. आता बोटीवरच्या माणसाच्या बायकोला सिंगापूरमध्ये राहायचा पास कोण देणार? म्हणून नीताताईने स्टुडंट पासची वाट शोधली. एखाद्या भाषाशाळेत नाव घालायचं, मन लावून शिकायचं आणि बोट लागली की नवऱ्याला भेटायचं. सहा आठवड्यांतल्या त्या दोन दिवसांसाठी ती चिनी लिपी गिरवायला तयार झाली होती. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

दोघी एकाच खोलीत, एकाच शाळेत, असं बाबांनी नीताताईकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे ती जाईल तिथे मी जायचं. झालं मात्र उलटं.

आम्ही आलो ते दोन आठवड्यांच्या व्हिजिट पासवर. तेवढ्यात शाळा ठरवून स्टुडंट पासचा अर्ज करायचा होता. दोन शाळा आम्ही एकाच दिवशी पाहिल्या.

पहिली बुकित तिमाहला, एका जुन्या बंगल्यात. चालवणाऱ्या मिसेस ओंग साठीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज खणखणीत. वर्गात बाराच विद्यार्थी. बाई एकेकाचं नाव घ्यायच्या, त्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि मगच खूण करायच्या. नीताताईने त्यांना सरळ सगळं सांगून टाकलं. नवरा बोटीवर आहे, दर सहा आठवड्यांनी दोन दिवस सुटी लागेल, मिळेल का? मी तिच्या पायावर पाय दिला. असं कोणी सांगतं का?

मिसेस ओंगनी थोडा विचार केला. "शिपिंग एजंटचं पत्र आण. एक आठवडा आधी. मी रजा लिहीन. इमिग्रेशनने विचारलं तर दाखवीन. कॅन, जमेल. पण बुडालेला धडा शनिवारी माझ्यासमोर बसून भरायचा. नो एक्स्क्यूज, हां."

नीताताईचा चेहरा असा फुलला की तिने तिथल्या तिथे फॉर्म मागितला. मी म्हटलं, थांब, दुसरी तर बघू.

दुसरी शाळा पाया लेबारला, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. गार एसी, साडेनऊला सुरू, शनिवारी सुटी. मुख्याध्यापक मिस्टर लिम आम्ही काहीही विचारलं तरी हसून मान डोलवत होते. आम्हाला एका वर्गात मागे बसू दिलं. हजेरीचा कागद बाकावरून बाकावर फिरत होता, जो तो शाळेने दिलेलं आपलं चिनी नाव लिहून पुढे सरकवत होता आणि शिकवणाऱ्या बाईंनी एकदाही मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, हीच आपली शाळा.

कॉलेजची तीन वर्षं मी प्रॉक्सीवर काढली होती. मैत्रीण सिनेमाला गेली की तिच्या नावाला आपण "प्रेझेंट सर" म्हणायचं, आपण गेलो की तिने म्हणायचं. त्यात खोटेपणा आहे असं आमच्या कधी डोक्यातही आलं नाही. ती दोस्ती होती. प्रॉक्सी न देणारी मुलगी आमच्यात आगाऊ समजली जायची.

परतीच्या बसमध्ये मी नीताताईचं डोकं खायला सुरुवात केली. "एजंटचं पत्र कुठे मागत फिरणार तू? बोट दोन दिवस उशिरा आली तर? आणि इथे मी आहे ना! तू नवऱ्याबरोबर खुशाल फिर, तुझी सही मी करते."

"पण बाईंना सगळं माहीत असलं की डोक्याला ताप नाही गं," ती म्हणाली.

"तुझ्या डोक्याला ताप नाही. माझ्या डोक्याला सकाळी आठची शाळा, दोन बस आणि शनिवार."

तीन दिवस मी तोंड फुगवून बसले. चौथ्या दिवशी म्हटलं, मग मी बाबांना कळवते की मला जमत नाही, जाते परत. आता एकटीने खोली घेऊन राहणं तिलाही अवघड होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

"बरं बाई, तुझी शाळा," ती म्हणाली आणि हसली. मी जिंकल्यासारखी गाणं गुणगुणत अंघोळीला गेले.

पाया लेबारलाच एका चिनी आजीबाईंच्या फ्लॅटमधली खोली आम्हाला मिळाली. नीताताई मनापासून शिकत होती. रोज संध्याकाळी पाटी घेतल्यासारखी वही मांडीवर घेऊन बसायची. पण अक्षर काही तिला वळेना. तिच्या चिनी नावातली तीन अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलायची. माझं अक्षर मात्र पहिल्यापासून देखणं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे आणि चिनीसुद्धा मला आठवड्याभरात वळणदार यायला लागलं. बाकी भाषेत मी यथातथाच होते.

बोट लागली की नीताताई दोन दिवस गायब व्हायची. परत आली की तिच्या बोलण्याला खळ नसायचा. ईस्ट कोस्टला चाललो, हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर भात आणि मासे खाल्ले, मग दर्शन झाडाखाली वाळूतच झोपला, इंजिनरूममध्ये इतका दमतो ना, मी नुसती शेजारी बसून होते. नुसती बसून होते हे ती अशा काही आनंदाने सांगायची की मला तिची थट्टा करायचंही सुचत नसे. दर्शन एकदा आमच्या फ्लॅटवर जेवायला आले होते. मी त्यांना चिडवायला भावोजी म्हणायचे. ते म्हणाले, "गार्गी, तू आहेस म्हणून आमचा संसार चाललाय."

चार वेळा बोट आली. आठ दिवस मी नीताताईची हजेरी लावली.

एप्रिलमध्ये पास वाढवायची वेळ आली तेव्हा शाळेने हजेरीचे कागद इमिग्रेशनला पाठवले आणि ते परत आले. एका सोमवारी मिस्टर लिमनी नीताताईला बोलावलं. ती मला सोबत म्हणून घेऊन गेली. टेबलावर सगळे कागद पसरलेले होते आणि आठ सह्यांभोवती लाल गोल होते. काही सांगायची गरजच नव्हती. बाकीचे सगळे दिवस ती तीन अक्षरं वेडीवाकडी होती आणि हे आठ दिवस कशी छापल्यासारखी.

मला वाकडं लिहिता आलं असतं. तेवढी अक्कल मला होती. पण हात मुद्दाम वाईट वळवणं माझ्या जिवावर आलं होतं. खोट्या सहीतसुद्धा मला शाबासकी हवी होती, कोणाकडून ते देव जाणे.

मिस्टर लिम त्या दिवशी हसले नाहीत. "सही कोणी केली?"

"मी एका मैत्रिणीला सांगितलं होतं," नीताताई म्हणाली. "चूक माझी आहे. नाव मी सांगणार नाही."

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मिस्टर लिमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. अक्षर कोणाचं हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांना ते लेखी हवं होतं. ते म्हणाले, "जिने सही केली तिने शुक्रवारपर्यंत मला पत्र द्यावं. मग मी लिहीन, दोघी नवीन होत्या, चुकल्या, दोघींना ताकीद दिली. कदाचित निभावेल. पत्र आलं नाही तर ही विद्यार्थिनी गैरहजर होती आणि सही खोटी आहे, एवढंच मला लिहिता येईल. मग पास जाईल."

इतकं सोपं होतं. एक पत्र आणि एक ताकीद.

ताकिदीची प्रत घरी जाणार, बाबा पहिल्या विमानाने बोलावून घेणार, म्हणून मी घाबरले. एवढंच कारण. त्या आठवड्यात मी त्याला बरीच चांगली कारणं जोडून पाहिली. दोघींचेही पास गेले तर काय उपयोग? मिस्टर लिम तसे मऊ आहेत, शेवटी काही करणार नाहीत. ताईनेच तर नाव सांगितलं नाही, म्हणजे तिलाही हेच हवं असणार. सगळी कारणं खोटी होती आणि ती खोटी आहेत हे मला रचतानाच कळत होतं.

नीताताईने मला काही विचारलं नाही. रोजच्यासारखं वरण-भाताचा कुकर लावायची, माझं पान वाढायची. बुधवारी जेवताना मी "नीताताई, शुक्रवारी..." असं सुरू केलं. तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत एकदम इतकी आशा आली की मी घाबरून म्हटलं, "शुक्रवारी दूध मी आणू का?"

"आण," ती म्हणाली.

शुक्रवारी पत्र लिहून मी पिशवीत ठेवलं होतं. चांगल्या अक्षरात. शाळा सुटल्यावर मिस्टर लिमच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर बोलत होते. दारावर टकटक केली असती तर त्यांनी हाताने बस म्हटलं असतं. मी मनाशी म्हटलं, ते कामात आहेत. आणि जिना उतरले. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेतलं आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात पास रद्द झाल्याचा कागद आला. सात दिवसांत देश सोडायचा होता. बोट नवव्या दिवशी येणार होती.

सामान बांधताना मी तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते, कारण दुसरं काही करायची माझी लायकी नव्हती. शेवटी मला राहवलं नाही. "ताई, तू माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने बॅगेची चेन लावली. "तुझ्या बाबांना शब्द दिला होता, तुला सांभाळीन म्हणून. नाव घेतलं असतं तर ते तुला घेऊन गेले असते." मग म्हणाली, "पण तू आपणहून सांगशील असं मला वाटलं होतं गं. शुक्रवारी संध्याकाळी तू दूध घेऊन आलीस ना, तोपर्यंत वाटत होतं."

मी रडले. ती रडली नाही. तिने मला जवळही घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. जाताना फक्त एक सांगितलं. दर्शनला एजंटच्या पत्त्यावर पत्र टाकलंय, पण ते बोटीवर पोचेल की नाही कोण जाणे. त्याचा फोन आला तर नीट सांग, घाबरवू नकोस.

पत्र पोचलं नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी पावणेनऊला हॉलमधला फोन वाजला. आजीबाईंनी मला हाक मारली. पलीकडे बंदरातला गोंगाट होता.

"गार्गी? लागलो बघ एकदाचे! दे तिला. का झोपली आहे अजून?"

मी सांगितलं. नीट सांगितलं, सगळं. पास गेला हे सांगितलं, सह्यांचं सांगितलं. मग शुक्रवारचंही सांगितलं. पत्र लिहिलं होतं, दारापर्यंत गेले होते आणि परत आले. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला वाचवायला एकही शब्द जोडला नाही. आता ते सोपं होतं, कारण त्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं आणि काही सुधारणारही नव्हतं.

मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या.

"बोट परवा दुपारी निघते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं काही कळेनासं झालेल्या माणसाचं विचारणं होतं. "तोपर्यंत मी काय करू?"

घरी या म्हणावं, तर कोणाच्या घरी? इथे आता मी होते.

"भावोजी..." मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "तुझी शाळा असेल ना आता? जा तू. हजेरी बुडेल."

त्यांनी ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरंच काळजीने म्हणाले. मग फोन ठेवला.

साडेनऊला मी वर्गात होते.